आठ पंचवीसला टपाल संपलं

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी टपाल संपलं आणि तिला वाटलं, आपल्या हातून काहीतरी राहून गेलंय. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटावरच्या, मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या. तिन्हींचं एकमत होतं. नऊ पत्रं आली होती. नऊही वाचून झाली होती, चौघांना उत्तरं गेली होती, तीन पत्रं मोठ्या मॅडमकडे, म्हणजे मुख्याध्यापिकेकडे, पुढे पाठवली होती, दोन छापून फायलीत लावली होती. अकरा वर्षं हे काम साडेदहाला संपत आलं होतं, सोमवारी पावणेअकराला. शाळेत तिला सगळे टपालताई म्हणत. ईमेल यायच्या आधी कागदी टपाल तीच फोडायची, आणि पुढे कागद गेला तरी नाव राहिलं. टपालताईनं माऊस सवयीनं पडद्याच्या डाव्या कडेला खाली नेला, जिथं 'कचरा' नावाची पेटी असते. पेटी नव्हती. आलेली पत्रं, पाठवलेली पत्रं, अर्धवट पत्रं, आणि त्याखाली कोरी पांढरी जागा.  त्या पेटीत काल संध्याकाळपासून सव्वादोनशेच्या आसपास पत्रं पडलेली असणार होती, आणि ती तिनं अजून पाहिली नव्हती.

पाहायची नव्हतीच खरं तर. पंधरा दिवसांपूर्वी संगणकाच्या शिक्षिकेनं कार्यालयाच्या ईमेलला स्पॅमचा फिल्टर लावून दिला होता. शिपाईमामा तेव्हा शेजारी उभे होते, त्यांनी विचारलं, "म्हणजे चाळणीच ना?" आणि तेव्हापासून शाळेत त्याला चाळणीच म्हणू लागले. चाळणी पंधरा दिवस वापरून बघायची आणि पंधराव्या दिवशी दहा वाजता मोठ्या मॅडमनी निर्णय घ्यायचा, असं ठरलं होतं. आज पंधरावा दिवस. मोठ्या मॅडमना टपालताईकडून एका ओळीचं लेखी हवं होतं: चाळणीवर माझा विश्वास आहे, खाली पडलेलं मी रोज तपासणार नाही. तेवढ्यावर सही. नाहीतर चाळणी बंद, पुन्हा सगळं हातानं. साधी गोष्ट होती. फक्त तिनं चौदा दिवसांत एकदाही ती पेटी न उपसता सोडली नव्हती. आधी चाळणीतून आलेली पत्रं वाचायची, मग चाळणीनं टाकलेली वाचायची. चाळणी लावल्यापासून टपाल अकराला संपत होतं. तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरी नवऱ्यानं विचारलं होतं, "काय मग, यंत्र करतं का तुझं काम?" तर ती म्हणाली होती, "हो, चांगलं करतं," आणि ताटाकडे बघत राहिली होती. नवरा बस-आगारात वेळनोंद ठेवायचा. कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली हे त्याच्यापासून लपत नसे, मग बायकोचा अर्धा तास कुठून लपणार? 

"काय शोधताय, टपालताई?"

दारात संगणकाची शिक्षिका उभी होती. मुलं तिला माऊसबाई म्हणत, आणि शिक्षकखोलीतही तेच रूढ झालं होतं.

"पेटी कुठंय?"

"कसली पेटी?"

"सोंग करू नकोस, पोरी. कचऱ्याची."

"लपवलीय. दहा वाजता देते, मोठ्या मॅडमसमोर. तोवर सुखरूप आहे, काळजी करू नका, मी पुसलेलं काही नाही."

"कुणाला विचारून लपवलीस?"

"कुणालाच नाही. तुम्ही कुणाला विचारून रोज वाचता?" माऊसबाई आत येऊन टेबलाच्या कडेला टेकली. "मला दिसतं हो, ताई. कुठलं पत्र कधी उघडलं, सगळं दिसतं. चौदा दिवस. धान्य चाळायचं, आणि खाली पडलेली माती पुन्हा कणकण निवडत बसायचं. मग चाळणी लावली कशाला, शोभेला?"

"तुला काय जातंय बोलायला. एखादं खरं गेलं तर जबाब तू देणारेस?"

"बरं, एक करा. कागदावर आकडा लिहा. आजच्या पेटीत खरी पत्रं किती अडकली असतील तो आकडा. न बघता. दहाला आपण मोजू. चुकलात तर चाळणी मी स्वतः काढून टाकीन, आणि कान धरीन."

"कुणाचे?"

"माझेच. तुमचे धरायची माझी हिंमत आहे का?" आणि ती पहिल्या तासाला निघून गेली. टेबलावर एक कोरा कागद राहिला. आठ अठ्ठावीस झाले होते. दहापर्यंत ब्याण्णव मिनिटं होती, आणि त्या ब्याण्णव मिनिटांत करायला तिच्याकडे काहीही नव्हतं. असं तिच्या नोकरीत पूर्वी कधी झालं असेल तर तिला आठवत नव्हतं. तिनं पेनं एका रांगेत लावली. पुन्हा लावली. वरच्या मजल्यावर कुणीतरी बाक सरकवला. दुसरीचे वर्ग पाढे म्हणत होते आणि साताच्या पाढ्यात, सात सत्ते एकोणपन्नासच्या पुढे, एकाच मुलाचा आवाज दरवेळी पुढे धावत होता. बावीस वर्षं ती या खोलीत बसत होती, आणि खालच्या मजल्यावरून दुसरीचे पाढे ऐकू येतात हे तिला माहीत नव्हतं.

आकडा लिहायचा म्हणजे त्या दिवसाकडे जावं लागणार, हे तिला ठाऊक होतं. मागच्या वर्षी, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. सकाळी नऊ दहाचं पत्र होतं, विषयाच्या जागी लिहिलं होतं: आज महत्त्वाचे. त्याच्या वर 'आज महत्त्वाची संधी' होतं आणि खाली 'आज शेवटचा दिवस'. तेव्हा ती विषयाच्या ओळी नजरेनं खरडत खाली जायची, डाव्या बाजूच्या चौकोनांत टिचक्या मारायची आणि वीस-बावीस एकदम पुसायची. त्या दिवशी बावीस पुसली. त्यातलं एक चौथीतल्या एका मुलीच्या आईचं होतं: आज मुलीला बसनं पाठवू नका, घरी कुणी नाही, मी स्वतः न्यायला येते. मुलगी बसनं गेली. आई शाळेच्या फाटकाशी थांबली, आणि मुलगी घराच्या बंद दारापाशी, पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन, दोन तास दहा मिनिटं. काही झालं नाही. शेजारच्या बाईंनी पाणी दिलं, मुलगी रडलीसुद्धा नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी आई खिडकीवर आली, आणि आवाज न चढवता इतकंच म्हणाली, "मी पाठवलं होतं." आणि टपालताई म्हणाली होती, "आमच्याकडे आलं नाही." त्या क्षणी तिला तसंच वाटत होतं. दुपारी पुसलेल्या पत्रांत शोधलं तर ते होतं, तिच्या बोटानं टिचकी मारलेलं. आई केव्हाच गेली होती. तिनं ते पत्र परत वर आणलं, वाचलं, आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आमच्याकडे आलं नाही, हे तीन शब्द त्यानंतर भांडी घासताना, बसची वाट बघताना, कधी कधी अगदी हसता हसता मध्येच तिच्या तोंडात येत, बी चावल्यासारखे.

म्हणून चाळणी आली तेव्हा तिला आनंद झाला आणि त्याच घटकेला भीतीही वाटली. पहिल्या दिवशी चाळणीनं सहा खरी पत्रं कचऱ्यात टाकली. त्यातली तीन गणिताच्या सरांची होती. सरांना नवं पत्र सुरू करता येत नसे. ते एखादं जुनं पत्र उघडत आणि त्यालाच उत्तर म्हणून लिहीत. त्यांनी उघडलेलं जुनं पत्र चार वर्षांपूर्वीच्या निकालाचं होतं, त्यामुळे सरांच्या प्रत्येक पत्राचा विषय 'अभिनंदन!' असा असे. 'अभिनंदन! सासूबाई वारल्या, दोन दिवसांची रजा हवी आहे.' 'अभिनंदन! सातवी ब मध्ये पंखा बंद आहे.' आणि परक्या देशातून सोडतीची बक्षिसं वाटणारी माणसंही अभिनंदन याच शब्दानं सुरुवात करत. चाळणीला दोघांतला फरक कळेना. माऊसबाई म्हणाली होती, "शिकवा त्याला. वरच्या बाजूला 'हा कचरा नाही' असं बटण आहे, ते दाबा. शब्दाकडे बघू नका, लिहिणाऱ्या माणसाकडे बघा. ते यंत्रही तेच शिकेल." शिकवा. हा शब्द तिला कुणी वापरून बरीच वर्षं झाली होती. बावीस वर्षांपूर्वी ती याच शाळेत शिक्षिका व्हायला आली होती. नमुना पाठ घ्यायचा होता. तिनं खडू उचलला, फळ्याकडे वळली, आणि चार मिनिटं तशीच उभी राहिली. मागे चाळीस मुलं आणि तीन परीक्षक. चार मिनिटं हे नंतर कुणीतरी सांगितलं. तिला ती खडूच्या थंडपणाइतकीच आठवत होती. मग कार्यालयात तात्पुरती जागा निघाली. तात्पुरतीच होती.

तिनं शिकवलं. पहिला आठवडा ती रोज पेटी उघडे आणि एकेका पत्राशी थांबे. सरांचं अभिनंदन: कचरा नाही. सोडतीचं अभिनंदन: कचरा. तीन दिवसांत चाळणी सरांना ओळखू लागली. पालकांतल्या एका आजोबांना सगळं ठळक अक्षरांत आणि उद्गारचिन्हांत लिहायची खोड होती. चाळणी त्यांना घाबरायची. चार वेळा सांगावं लागलं. शाई विकणारे, प्रोजेक्टर विकणारे, वजन उतरवणारे, तुमचं खातं आज बंद होतंय असं दटावणारे, एकेक करून तिनं दाखवून दिले, हा, आणि हा, आणि हासुद्धा. एकच ठिकाणी तिचा हात अडला. बाक बनवणारा एक विक्रेता सहा वर्षं दर सोमवारी लिहायचा, आणि पहिली ओळ नेहमी एकच असे: नमस्कार, तब्येत कशी आहे? शाळेनं त्याचे बाक कधी घेतले नव्हते, घेणारही नव्हती. हजारो ठिकाणी तेच पत्र जात असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी सोमवारी सकाळी तब्येत विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. सहाव्या दिवशी तिनं 'कचरा आहे' दाबलं आणि मनात म्हणाली, बरी आहे हो. पहिल्या दिवशी सहा खरी पत्रं अडकली होती, दुसऱ्या दिवशी तीन, मग दोन, मग एक. आठव्या दिवशी एक, आणि त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. हे आकडे तिला तोंडपाठ होते. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. चार मिनिटं फळ्याकडे तोंड करून उभी राहिलेल्या त्या बाईनं शिकवलेलं कुणी खरंच शिकेल, यावर नव्हता.

नऊ चाळीसला तिनं पेन उचललं. कागदावर एक गोल काढला, नीट, टोकाला टोक मिळेल असा. शून्य. मग कागद दुमडून मुठीत धरला.

मोठ्या मॅडमच्या खोलीत माऊसबाई आधीच येऊन बसली होती. मोठ्या मॅडमनी चष्मा लावला, संगणक आपल्याकडे वळवला, आणि पेटी उघडली गेली. दोनशे एकतीस पत्रं. माऊसबाईनं विचारलं, "आकडा?" तिनं कागद टेबलावर ठेवला. मोठ्या मॅडमनी तो उलगडला, तिच्याकडे पाहिलं, आणि त्या एकेक विषय वाचू लागल्या. त्या कुठल्याही गोष्टीची घाई करत नसत. शाई. शाई. सोडत. खातं बंद. सहल. शाई. पंचवीस मिनिटं तेच चाललं. टपालताई भीतभीत एकेक विषय ऐकत होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला ही भीती ओळखीची आहे. परीक्षेला बसवलेल्या मुलाकडे मागच्या बाकावरून बघणाऱ्या माणसाला वाटते ती. एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पत्रावर मोठ्या मॅडमचं बोट थांबलं.

"हे बघा. हे कसं काय इथे?" त्यांनी चष्मा सावरला. "आदर्श शाळाप्रमुख सन्मानासाठी आपली निवड झाली आहे. हे तर माझं आहे. हे खरं पत्र आहे, टपालताई. एक झालं तुमचं."

माऊसबाईनं मान खाली घातली. तिला बहुतेक हसू आवरत नव्हतं, किंवा वाईट वाटत होतं. मोठ्या मॅडमच्या डोक्यामागे, भिंतीवर, सोनेरी चौकटीत त्याच संस्थेचं चार वर्षांपूर्वीचं मानपत्र होतं. ते टपालताईनंच छापून दिलं होतं. मूळ पत्रात 'श्री./श्रीमती' असं दोन्ही छापलेलं होतं, नको ते खोडायचं राहून गेलेलं. चौकटीत घालण्याआधी त्यातलं 'श्री./' तिनं पांढऱ्या शाईनं झाकलं होतं, बारीक ब्रशनं, श्वास रोखून. त्याच आठवड्यात तेच मानपत्र शाळेच्या उपाहारगृहाच्या नावानंही आलं होतं. गप्प बसणं सोपं होतं. एक म्हणजे काही मोठा आकडा नाही, आणि एकावरून चाळणी गेली असती तर उद्यापासून पेटीच नसती, भीतीही नसती, पुन्हा साडेदहा.

"कचरा आहे, मॅडम," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"वर बघा. श्री./श्रीमती. दोन्ही ठेवलंय. त्यांना तुम्ही बाई की पुरुष तेही माहीत नाही. हे सगळ्यांना जातं. मीच चाळणीला शिकवलंय, असं पत्र टाकून द्यायचं म्हणून."

मोठ्या मॅडम खुर्चीत हळूच वळल्या आणि चौकटीकडे बघत राहिल्या. "आणि हे?"

"तेही."

"चार वर्षं मी ह्याच्याखाली बसतेय."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाहीत?"

"रोज दोनशे पत्रं उघडत होते, मॅडम. खरं-खोटं करण्यापुरता वेळ असायचा. बोलण्यापुरता नसायचा."

 मग मोठ्या मॅडमच्या खांद्यांना बारीक हिसका बसला, आणि तिला वाटलं, संपलं. पण त्या हसत होत्या. "माझ्या जावेला मी घरी बोलावून फोटो दाखवलाय याचा," त्या म्हणाल्या. "दोनदा." डोळे पुसून त्यांनी उरलेली त्रेचाळीस पत्रं वाचली, तितक्याच सावकाश. त्यांत काही नव्हतं. "शून्य," त्या म्हणाल्या. "पण उद्या चुकलं तर? यंत्र आहे. एखादं खरं गेलं तर काय सांगायचं लोकांना?"

"गेलंय," ती म्हणाली. तिचा आवाज तिला नेहमीसारखाच ऐकू आला, याचं तिला नवल वाटलं. "यंत्र नव्हतं तेव्हा. मागच्या वर्षीची ती बसनं गेलेली मुलगी. पत्र आलं होतं, मॅडम. माझ्या हातानं पुसलं मी, एकदम पुसलेल्या बावीस पत्रांत. आणि आईला सांगितलं, आलं नाही. माणूस दमला की सगळं सारखं दिसतं. ह्याला दमायला होत नाही. आणि त्या आईला मी आज फोन करणार आहे."

मोठ्या मॅडमनी त्या एका ओळीचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं सही केली, एका दमात, खालची रेघ नेहमीपेक्षा लांब. उठताना माऊसबाई चौकटीकडे बघून म्हणाली, "ते काढायचं का?" "नको," मोठ्या मॅडम म्हणाल्या, "खाली भिंतीचा रंग वेगळा दिसेल. आणि मला जरा अक्कल राहील."

ती खाली आली तेव्हा दहा बेचाळीस झाले होते. फोन केला. पलीकडची बाई बरंच ऐकून घेऊन म्हणाली, "मला माहीत होतं हो, आलं असणार. तुम्ही सांगितलंत, बरं वाटलं." एवढंच. तीन नवी पत्रं येऊन पडली होती. पहिलं पत्र दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं होतं. पहिली ओळ: माझ्या मुलीला सर्दी झाली असल्यामुळे काल ती शाळेत येऊ शकली नाही. तिचं बोट सवयीनं 'नोंद घेतली' या तयार उत्तराकडे गेलं आणि थांबलं. पत्र लांब होतं. आणि वेळ होता. अकरा वर्षं आपण पहिली ओळच वाचत आलो, हे तिला तेव्हा कळलं. हरवलेल्या पत्रांची भीती बाळगली, आणि हातात आलेली तर रोज पहिल्या ओळीपाशी हरवत होती. ती वाचत गेली. सर्दी, मग औषध, मग वर्गशिक्षिकांचे आभार, आणि चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी: तसेच ती शाळेत दिवसभर पाणी पीत नाही, कारण मुलींच्या स्वच्छतागृहातल्या तिसऱ्या दाराची कडी आतून उघडत नाही आणि ती एकदा अडकली होती. हे मी मागच्या सत्रातही कळवले होते. तिनं मागचं सत्र शोधलं. पत्र सापडलं. उघडलेलं होतं, सकाळी नऊ बावन्नला, आणि उत्तरही गेलेलं होतं: नोंद घेतली.

ती उठली. शिपाईमामांना म्हणाली, "पाना, स्क्रूड्रायव्हर, तेल, जे असेल ते घ्या."

"आत्ता? मधल्या सुट्टीनंतर बघू की."

"मधल्या सुट्टीच्या आधी."

तळमजल्याच्या टोकाला स्वच्छतागृहात ओल्या फरशीचा वास होता. तिसरं दार. कडीचा एक स्क्रू पडलेला, दुसरा ढिला. दार लागलं की पट्टी तिरकी होऊन खाचेत अडकत होती. मोठ्या माणसानं जोर लावला तर निघाली असती. सात वर्षांच्या मुलीला नाही. मामांनी दोन नवे स्क्रू मारले, पट्टी सरळ केली, तेलाचे दोन थेंब सोडले आणि हात झटकले. "झालं. चला."

"थांबा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. खाली वाकली, सात वर्षांच्या मुलीच्या उंचीइतकी, गुडघे फरशीला टेकेपर्यंत, आणि एका बोटानं कडी ओढली. उघडली. पुन्हा लावली. आता करंगळीनं. उघडली. वर कुठलातरी वर्ग मोठ्यानं काहीतरी एका सुरात म्हणत होता आणि तिच्या साडीचा काठ भिजत होता.

"ताई, अहो किती वेळा? अडकलात का काय?"

"नाही मामा," ती आतून म्हणाली, आणि कडी परत लावली. "मला घाई नाहीये."